लेकरू कोणाचं?



आपल्या वऱ्हाडात गावात नवं पोर दिसलं, की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं त्याला जवळ बोलावतात आणि विचारतात, ‘कोनाचं लेकरू होय बापा तू?’ विचारण्यात माया असते. पोरगं बापाचं नाव सांगतं, आजोबांचं सांगतं, आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. आपल्या पोराचं भागत नाही. त्याचं नाव शमुवेल असतं, तिचं नाव रूथ असतं, आणि नाव ऐकताच दुसरा प्रश्न येतो, ‘म्हंजे मूळचे कोन तुम्ही?’ आठ-नऊ वर्षांचं लेकरू तिथं अडखळतं, कारण याचं उत्तर त्याला घरी कोणी दिलेलं नसतं. आईबाप हा विषय टाळतात. रविवारशाळेत दावीद आणि गल्याथ शिकवतात, योना शिकवतात, पण ‘मूळचे कोण’ हे शिकवत नाहीत. मी पुष्कळ वर्षं शाळेत आणि रविवारशाळेत शिकवलं. सर्वांत हुशार, सर्वांत जास्त वचनं पाठ असलेली मुलंही या एका प्रश्नापुढे खाली मान घालताना मी पाहिली आहेत.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगते. मंडळीपुढे बाळाला आणतो तेव्हा आपण म्हणतो, हे लेकरू देवाचं आहे. कुणाच्या मंडळीत त्या वेळी बाप्तिस्मा होतो, कुणाच्यात नुसतं समर्पण, पण म्हणतो आपण सगळे हेच. ते खरं मानायचं असेल, तर ते लेकरू आईबापाच्या मालकीचं नाही, मंडळीच्या नाही, आणि ज्या मिशनने आपल्या पणजोबांना भाकर दिली त्या मिशनच्याही नाही. त्याची ओळख आपण ठरवून त्याच्या गळ्यात घालू शकत नाही. आपली श्रद्धा, आपला इतिहास, आपली भाषा त्याच्यापुढे खरेपणाने ठेवायची आणि त्याच्याजवळ बसून राहायचं, एवढंच आपल्या हाती आहे. हे ऐकायला सोपं वाटतं. दीडशे वर्षांत ते आपल्याला फार थोड्या वेळा साधलं आहे.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात 10,80,073 ख्रिस्ती नोंदले गेले. राज्याच्या लोकसंख्येत हे प्रमाण एक टक्क्याहून थोडं कमी भरतं, आणि त्यातला फार मोठा भाग मुंबई, वसई, पुणे या बाजूचा. इकडे तालुक्याच्या शाळेत आपलं मूल वर्गात एकटंच असतं. त्याच्या मित्रांनी ख्रिस्ती माणूस पाहिलेला असतो तो हिंदी सिनेमात, हातात बाटली घेतलेला, मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. आपल्या आज्या लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन उपासनेला यायच्या, डिसेंबरात कापूस वेचून घरी आल्यावर नाताळच्या करंज्या तळायच्या. त्यांच्यासारखं कोणी त्या सिनेमात नाही. मग मूल दोहोंपैकी एक रस्ता धरतं. आपण कोण ते लपवतं, किंवा सिनेमातल्यासारखं होऊ पाहतं. दोन्हीकडे त्याची ओळख बाहेरच्यांनी ठरवलेली असते.

आता थोडं मागे जाऊ. मूल कोणाचं, यावरून ख्रिस्ती घरात झालेलं एक मोठं भांडण एका मराठी आईने केलं आणि तेही इंग्लंडमध्ये. पंडिता रमाबाई 1883 साली तिकडे गेल्या तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा दोन वर्षांची होती. बाळ वर्षाचं होण्याच्या आतच नवरा, बिपिनबिहारी मेधावी, वारलेले. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथं सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई शिकायला आणि शिकवायला चेल्टनहॅमच्या कॉलेजात गेल्या, मनोरमा बराच काळ भगिनींकडे राहिली आणि वाद तिथून पेटला. मठातली सिस्टर जेराल्डीन ही या मायलेकींवर जीव टाकणारी बाई होती, याविषयी मला शंका नाही. पण आपल्या चर्चची शिकवण मुलीला जशीच्या तशी मिळाली पाहिजे, असा तिचा आग्रह होता. रमाबाईंना स्वतःलाच त्या चर्चचे काही सिद्धांत पटलेले नव्हते, त्रैक्यासारख्या गोष्टींवर त्यांचा शोध चालू होता. जे आईच्या मनाला अजून उमगलेलं नाही ते लेकीला घोकायला लावायला त्या तयार नव्हत्या.

रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी 1977 साली संपादून प्रसिद्ध केला. प्रत्येक ख्रिस्ती आईबापाने तो वाचावा असं मला वाटतं. त्या पत्रांत सिद्धांतांवर जेवढी झटापट आहे तेवढीच दुसऱ्या एका गोष्टीवर आहे. मनोरमा आपल्या देशाच्या माणसांना परकी होऊ नये, भारताची लेक म्हणवून घ्यायला तिला लाज वाटू नये, यावर आई अडून बसलेली आहे. शाकाहार रमाबाईंनी इंग्लंडातही सोडला नाही. चौदा-पंधरा दशकांपूर्वीची, परदेशात दुसऱ्यांच्या आधारावर राहणारी, पैशाअडक्याने लाचार असलेली ही विधवा. आणि ती आपल्या उपकारकर्त्यांना सांगते, की माझ्या मुलीच्या मनावर हक्क सांगू नका. ख्रिस्त तिने स्वीकारला होता. त्याच्याबरोबर येणारा साहेबी थाट मात्र तिने लेकीसाठी नाकारला.

मनोरमा पुढे काय झाली हेही पाहा. तिचं शिक्षण इंग्लंड-अमेरिकेत झालं. अमेरिकेत ती न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ चिलीला फ्री मेथडिस्टांच्या शाळेत शिकली, म्हणजे आपल्या यवतमाळच्या मिशनवाल्यांच्याच घरात. ती परत आली, आईने काढलेलं शारदा सदन सांभाळलं, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली, आणि 1921 साली आईच्या काही महिने आधी गेली. तिची श्रद्धा पक्की होती. प्रश्न विचारू दिले तर मूल विश्वासापासून दूर जाईल, या आपल्या नेहमीच्या भीतीला हे एक उत्तर मी पुढे ठेवते.

रमाबाई स्वतः दुष्काळाचं लेकरू होत्या. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. म्हणून 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे धावल्या आणि तिथल्या दुष्काळग्रस्त मुली आसऱ्याला केडगावला घेऊन आल्या. त्याच काळात, आणि 1899-1900च्या त्याहून भयंकर दुष्काळात, आपल्या वऱ्हाडातही हेच चाललं होतं. अलायन्स मिशनने मुलांचा अनाथाश्रम अकोल्याला चालवला आणि मुलींचा खामगावला. एलिचपूर आणि मेळघाटाकडे कोरकू मिशनची माणसं होती. दौंडला मुलांचं घर काढणारे अल्बर्ट नॉर्टन त्याआधी वऱ्हाडातच काम करत होते. अलायन्सच्या जेनी फुलर यांनी इथल्या बायकांचे, विधवांचे, बालवधूंचे हाल पाहून इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, ते 1900 साली निघालं.

या सभागृहात बसलेल्या पुष्कळांची वंशावळ त्या दोन दुष्काळांपाशी येऊन थांबते. त्याच्या मागे जाता येत नाही, कारण मागचं नाव कुणाला आठवत नाही. आश्रमाच्या दारात आलेलं पोर पाच वर्षांचं, आई रस्त्यात गेलेली, गाव कुठलं ते नीट सांगता येत नाही. त्याला अन्न मिळालं, कपडा मिळाला, अक्षर मिळालं, सुतारकाम किंवा शिवणकाम मिळालं आणि एक नवं नाव मिळालं. ती पोरं शिक्षक झाली, कंपाउंडर झाली, परिचारिका झाल्या, पाळक झाले. ज्यांनी त्यांना वाचवलं त्यांचे उपकार मी कधी कमी लेखणार नाही. काहींनी त्या पोरांची सेवा करता करता इथंच कॉलऱ्या-तापाने प्राण सोडले.

पण एक गोष्ट त्या प्रेमातही राहून गेली आणि तिची किंमत नातवंडांनी मोजली. त्या पोरांना जुनं आठवायला कोणी बसवलं नाही. ‘ते सगळं अंधारातलं होतं, आता उजेडात आला आहात,’ एवढं सांगून मागचं दार लावून घेतलं. आई दुष्काळात मेली, म्हणून ती अंधारातली होत नाही. आपल्या पोटचा घास लेकराच्या तोंडात घालून ती मेली असेल. त्या आईला नाव नाही, ओवी नाही, आठवण नाही, आणि तिच्या पणतवंडाला आज कोणी विचारलं, ‘मूळचे कोन तुम्ही?’, तर त्याला वाटतं की आपलं मूळ लाज वाटावी असंच काहीतरी असणार. मी माझ्या वर्गातल्या मुलांना याचं उत्तर द्यायला शिकवते. आम्ही दुष्काळातून वाचलेल्यांची लेकरं आहोत. आमच्या माणसांना गावाने शिवू दिलं नाही तेव्हा येशूच्या नावाने कोणीतरी त्यांना हाताला धरून ताटावर बसवलं. हे मान वर करून सांगण्यासारखं आहे.

जातीचं हे असं उघड बोलावंच लागेल, कारण ती मुलाच्या दप्तरात असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीचा रकाना असतो. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम फक्त हिंदूंना होता. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना मिळालेला नाही. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही, म्हणून मेळघाटातल्या ख्रिस्ती कोरकू मुलाचा दाखला जसा होता तसाच राहतो आणि अकोल्यातल्या ख्रिस्ती मुलाचा हक्क जातो. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावकीची अस्पृश्यता धुऊन निघाली नाही, हे सरकारला नाही तरी आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे कित्येक घरांत मुलाची दोन नावं असतात. उपासनेत दानीएल, हजेरीपटावर दिनेश. मी त्या आईबापांना दोष देणार नाही. फी, वसतिगृह, नोकरी, सगळं त्या एका कागदावर अवलंबून असतं.

माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळं मुलाशी न बोलता केलं जातं. त्याला नुसतं बजावतात, ‘शाळेत सांगू नको.’ बायबलमध्ये तर या पेचाच्या दोन थोर गोष्टी आहेत आणि आपण त्या या अर्थाने कधी सांगत नाही. एस्तेरला मर्दखयाने ताकीद दिली होती, की आपली जात, आपलं कूळ राजवाड्यात सांगू नकोस. तिने सांगितलं नाही, वर्षानुवर्षं सांगितलं नाही. तिचं हदस्सा हे नावही मागे पडलं. आणि ज्या दिवशी आपल्या माणसांच्या जिवावर बेतलं त्या दिवशी तीच बोलली. दुसरीकडे दानीएल. बाबेलच्या दरबारी शाळेत त्याला बेल्टशस्सर हे नाव दिलं, परकी भाषा दिली, ते सारं त्याने घेतलं आणि शिकून पहिला आला. पण राजाच्या ताटातलं खाणं मात्र अदबीने नाकारलं, आणि नाकारताना अधिकाऱ्याशी भांडला नाही, दहा दिवस पारख करून पाहा म्हणाला. परक्यांच्या राज्यात शिकणाऱ्या मुलासाठी याहून जवळची गोष्ट कोणती? दोन नावं असलेल्या मुलाला ही गोष्ट सांगा आणि मग विचारा, तुझ्यासाठी राजाच्या ताटातलं खाणं कोणतं? ते मूल काय बोलेल याचा अंदाज तुम्हाला येणार नाही.

ताटाचा विषय निघालाच आहे. गणपतीच्या दिवसांत प्रत्येक ख्रिस्ती मूल घरी येऊन विचारतं, प्रसाद खायचा का? श्रावणात अकोल्यात राजराजेश्वराची कावड निघते, नवरात्रात अमरावतीला अंबादेवीकडे गर्दी लोटते, आणि आपली मुलं या सगळ्यात वाढतात. पौलाने करिंथकरांना लिहिलं तेव्हा त्याच्यापुढेही मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचाच प्रश्न होता आणि त्याने एका शब्दात उत्तर दिलेलं नाही. त्याने ज्ञान, दुसऱ्याचा विवेक आणि प्रीती या तिन्हींचा विचार केला. काही घरांत प्रसाद घेतात, काही घेत नाहीत. मी त्यात न्यायाधीश होणार नाही. पण न घेणाऱ्या घरांनी मुलाला हात जोडून ‘काकू, आमच्याकडे नसतं घेत, पण तुमचे आभार’ असं म्हणायला शिकवावं. तोंड वेंगाडून ‘ते सैतानाचं आहे’ म्हणायला शिकवलेलं मूल काही दिवसांनी त्या काकूकडेही तशाच नजरेनं पाहू लागतं. दिवाळीत ज्या काकूच्या घरून आपल्याकडे फराळ येतो आणि नाताळात जिच्याकडे आपण पाठवतो, तिचा तिरस्कार मुलाच्या मनात भरून आपण त्याला ख्रिस्ती केलं असं म्हणणार का?

इथं मला टिळकांचं घर आठवतं. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी ते नागपूरला आणि राजनांदगावला होते, म्हणजे आपल्या शेजारीच. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकिकत तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरच्या काही वर्षांच्या ताटातुटीचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त जे लिहिलं आहे, तेही तुम्ही वाचलं असेल. मला आज त्यातलं एवढंच सांगायचं आहे, की लक्ष्मीबाई टिळकांकडे परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. स्वयंपाक वेगळा, सोवळं वेगळं, आणि ते सारं त्याच घरात चाललं. टिळकांनी घाई केली नाही. जात माणसांनी केलेली आहे हे बाईंनी स्वतःच्या डोक्याने विचार करून ठरवलं, आधी कोणाच्याही हातचं खाऊ लागल्या आणि पुढे 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या लहानग्या मुलाने, दत्तूने, हे सगळं पाहिलं. श्रद्धा बळजबरीने घेता येत नाही, हे त्याला कोणी शिकवलं नसेल, त्याने ते आईबापाच्या रोजच्या वागण्यात पाहिलं.

त्याच घरात पुढे नगरला बालकवी ठोंबरे येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं वागवलं. ते हिंदूच राहिले आणि घरचेच राहिले. आणि याच टिळकांनी मुलांसाठी भरभरून लिहिलं, ‘बालबोधमेवा’ या अमेरिकन मराठी मिशनच्या मासिकाचं संपादन केलं. त्यांची ‘केवढे हें क्रौर्य’ महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. कवीच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ लिहिलेलं असतं. ती कविता वर्गात येते त्या दिवशी आपलं एकटं मूल बाकावर ताठ बसतं, हे मी पाहिलं आहे. मराठी कवितेत आपलंही घर आहे, हे त्याला त्या दिवशी कळतं. म्हणून मुलांना टिळकांचे अभंग शिकवा, कृष्णराव सांगळ्यांची गीतं शिकवा. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक आजीच्या पिशवीत राहिलं आणि नातवंडांच्या मोबाइलमध्ये फक्त इंग्रजी आणि हिंदी गाणी आली. ती गाणीही गोड आहेत, गाऊ द्या. पण ज्या भाषेत मूल रडतं त्या भाषेत त्याला देवाशी बोलता आलं पाहिजे. मेळघाटातल्या मुलासाठी ती भाषा कोरकू आहे. जॉन ड्रेक या मिशनऱ्याने 1903 साली कोरकूचं व्याकरण छापलं. शंभर वर्षांपूर्वी परक्या माणसाला त्या बोलीची गरज कळली, आणि आज आपण धारणी-चिखलदऱ्याच्या मुलांना मराठीतूनच प्रार्थना करायला लावतो, हे बरोबर नाही.

आता जरा अवघड जागी येते. वऱ्हाडात ज्या मिशन आल्या त्यांतल्या पुष्कळ, अलायन्स असो, फ्री मेथडिस्ट असो, जागृतीच्या परंपरेतल्या होत्या. माणसाच्या आयुष्यात एक निर्णायक क्षण यावा, त्याने पाप कबूल करावं, नवा जन्म व्हावा, यावर त्यांचा भर. यवतमाळच्या सेमिनरीनेही 1953पासून पुण्याला जाईपर्यंत तीस वर्षं हाच वारसा देशभरच्या पाळकांना दिला. कॅथलिकांची रीत निराळी. अमरावतीचा धर्मप्रांत 1955 साली झाला. त्यांच्याकडे बाळपणी बाप्तिस्मा होतो, आणि पोप दहावे पायस यांच्या 1910च्या आदेशानंतर सातेक वर्षांच्या मुलालाही प्रभुभोजन मिळतं. पायरीपायरीने मूल आत येतं. अमेरिकेत होरेस बुशनेल नावाच्या पाळकाने 1847 साली असं मांडलं होतं, की ख्रिस्ती घरातल्या मुलाने आपण कधी ख्रिस्ती नव्हतो असं आठवूच नये, इतकं सहज ते त्यात वाढावं. त्या काळी त्याच्यावर बरीच टीका झाली.

मी अलायन्सच्या वळणात वाढले आणि त्या क्षणाचं मोल मला ठाऊक आहे. पण मे महिन्याच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत, चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, आठ वर्षांच्या मुलांना नरकाचं चित्र दाखवून हात वर करायला लावतात, ते मला मान्य नाही. मूल हात वर करतं, कारण शेजारच्याने केला. घरी जाऊन रात्री झोपत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा वर करतं, कारण मागच्या वेळचा खरा होता की नाही याची त्याला खात्री नसते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी ते या सगळ्यावरच चिडतं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनने ‘मी कोण’ हा प्रश्न किशोरवयाचा मुख्य प्रश्न मानला. त्या वयात मुलाला वेगवेगळ्या भूमिका करून पाहायला मोकळीक लागते, नाही तर ते दुसऱ्याने दिलेली ओळख जशीच्या तशी अंगावर घेतं किंवा रागाने फेकून देतं. आपली मुलं दहावीनंतर पुण्याला-नागपूरला शिकायला जातात आणि तिथं उपासनेला जायचं बंद करतात, तेव्हा आपण मोबाइलला दोष देतो. त्यांना प्रश्न विचारायला आपण कधी बोलावलंच नव्हतं, हे पाहत नाही.

येशूच्या बालपणाची शुभवर्तमानांत एकच सविस्तर गोष्ट आहे. बारा वर्षांचा येशू आईबापांना न सांगता मंदिरात राहिला. तीन दिवस ते त्याला शोधत होते. तो सापडला तेव्हा गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. त्याने दिलेलं उत्तर मरीयेला आणि योसेफाला समजलं नाही, असं लूक स्पष्ट लिहितो. तरी ते त्याला घेऊन घरी गेले, तो त्यांच्या आज्ञेत राहिला आणि मरीयेने ते सगळं मनात जपून ठेवलं. मुलाचं बोलणं न समजणं हे आईबापाचं अपयश नाही, हे मला त्या गोष्टीत दिसतं. आणि दुसरी गोष्ट तीमथ्याची. बाप ग्रीक, आई यहूदी, म्हणजे ‘मूळचे कोण’ हा प्रश्न त्याला आपल्या मुलांपेक्षा जास्त वेळा विचारला गेला असेल. पौल त्याच्या विश्वासाचा उगम कुठे सांगतो? आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी. घरातल्या दोन बायकांपाशी.

म्हणून शाळेवर ही जबाबदारी टाकू नका. मिशन शाळेत घातलं की मूल आपोआप ख्रिस्ती संस्कारात वाढतं, असा काहींचा समज आहे. त्या शाळांत बहुतेक मुलं इतर धर्मांची असतात, आणि सरकारी मान्यता किंवा मदत घेणाऱ्या शाळेत मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदात लिहिलेलं आहे. ते योग्यच आहे. आपल्या मुलावर कोणी बळजबरी करू नये असं वाटतं, तर दुसऱ्याच्या मुलाचाही तोच हक्क आहे. भारताने 1992 साली मान्य केलेल्या बालहक्कांच्या करारातही मुलाच्या विचार आणि धर्माच्या स्वातंत्र्याला मान्यता आहे, आणि त्याच्या वाढत्या समजेप्रमाणे त्याला दिशा देण्याचा आईबापांचा हक्कही आहे. दोन्ही एकाच कलमात आहेत.

तर जूनमध्ये रविवारशाळा पुन्हा सुरू होतील तेव्हा माझी मंडळ्यांना एक विनंती आहे. नववी-दहावीच्या मुलांचा वेगळा वर्ग करा, आणि त्यात शिकवणाऱ्याने महिन्यातून एक रविवार पुस्तक न उघडता नुसतं ऐकावं. मंडळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला त्या वर्गात बोलवा, तिचे आजी-आजोबा कुठून आले, कोणत्या दुष्काळात आले, गावाने काय केलं, मिशनने काय केलं, हे तिला सांगू द्या, आणि मुलांना ते वहीत लिहून घेऊ द्या. नव्वदीच्या आज्या फार दिवस थांबणार नाहीत.

आमच्या वर्गात मी मुलांना नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न लिहायला सांगितले होते. त्यातला एक सगळ्यांत जास्त चिठ्ठ्यांवर होता, ‘माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही, ती स्वर्गात जाणार नाही का?’ मी मुलींना सांगितलं ते असं, की तो निवाडा येशूने आपल्या हाती दिलेला नाही, तो देवाचा आहे, आणि तू तिच्यावर करतेस त्याहून जास्त प्रेम तो देव तिच्यावर करतो. तू तिच्यासाठी प्रार्थना कर आणि तिच्याशी खरी वाग. पाळकसाहेबांचं उत्तर याहून वेगळं असू शकेल, तुमचंही असेल. त्या वर्गातल्या मुली आज मागच्या रांगेत बसल्या आहेत. चहा झाल्यावर आपण इथंच थांबू, आणि पहिल्यांदा त्यांना बोलू देऊ.